डोळे बांधून

माझा मामा किल्ल्या करतो. बाजाराच्या तोंडाशी एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान आहे. दुकान आपलं म्हणायचं. खरं तर जिन्याने सोडलेली तिरकी जागा. आत एक स्टूल, किल्ली घट्ट धरणारा एक शिकंजा, कानशींचा डबा आणि तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. उभं राहायला गेलं तर डोकं पायरीला आपटतं, म्हणून मामा दिवसभर बसूनच असतो. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं की उजेड अडतो. मग मामा म्हणतो, "जरा सरका साहेब, सूर्य तुमच्या मागे राहिला."

कुणी किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं की मामाला बोलावणं येतं. तो दारापुढे उकिडवा बसतो, दोन तारा कुलपात घालतो आणि डोळे मिटून घेतो. मान जराशी वर, तोंड किंचित उघडं. घरमालक मागे घाम पुसत उभा असतो आणि हा आपला निवांत ऊन खात बसल्यासारखा. थोड्या वेळाने आतून खट्ट होतं. डोळे का मिटतोस, असं लहानपणी मी त्याला विचारलं होतं. "डोळे उघडे असले की तेच बडबड करतात," तो म्हणाला, "मग हाताला ऐकू येत नाही." या गोष्टीचा त्याला गर्व होता. अभिमान नाही म्हणत मी, गर्वच म्हणते. लग्न केलं नाही, कसला नाद लावून घेतला नाही, कुणाशी कधी वर तोंड करून बोलला नाही. साऱ्या आयुष्यात एवढा एकच गर्व बाळगला आणि तोच त्याच्या मुळावर आला.

मामा आणि आजी दोघंच राहायची. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, मागे न्हाणीघर, त्याला लागून संडास. आजीने उमेदीची सगळी वर्षं त्याच दोन खोल्यांत पाळणाघर चालवलं. आया कामावर जाताना मुलं आणून टाकायच्या आणि संध्याकाळी धुतलेली, पुसलेली, जेवलेली परत न्यायच्या. "अर्ध्या गल्लीची ढुंगणं मी धुतलीत," असं आजी चारचौघांत सांगायची. बँकेतले एक मोठे साहेब तिला रस्त्यात बघितलं की पलीकडच्या फुटपाथवर जायचे, कारण आजी त्यांना थांबवून, सोबत कोण आहे ते न बघता, विचारायची, "काय रे, आता वेळेवर सांगतोस ना?"

दुसऱ्यांच्या बाबतीत अशी तोंडाळ बाई स्वतःच्या बाबतीत मात्र भलतीच झाकपाक करायची. संडासात गेली की आधी नळ धो धो सोडायची, बाहेर आवाज जायला नको. आतले कपडे दोरीवर टाकले की त्यावर टॉवेल पसरायची. तिला केस मोकळे सोडून बसलेलं मी कधी बघितलं नाही. आजारपणातही डॉक्टरांना ती जीभ दाखवायची आणि नाडी द्यायची, बाकी काही नाही.

एका सकाळी चहा गाळताना तिच्या हातातून गाळणं पडलं आणि मागोमाग तीही पडली. अर्धांगवायू. डावी बाजू गेली, बोलणं राहिलं. "नको ते राहिलं," असं माझी आई म्हणाली. माझी आई म्हणजे मामाची थोरली बहीण. लांब राहते, नोकरी करते आणि फोनवरून संसार चालवते, स्वतःचाही आणि माहेरचाही. आजी दवाखान्यातून घरी आली तेव्हा आई येऊन राहिली. तिने हवेची गादी आणली, बेडपॅन आणलं, डायपरचे गठ्ठे आणले, एक बाई कामाला ठेवली आणि रजा संपल्यावर निघून गेली. बाईचं आणि आजीचं आठवडाभरही पटलं नाही. बाई पुसता पुसता फोनवर बोलायची. दुसरी आली, ती काम करताना तोंड फिरवायची. आजीने तिला स्वतःच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस. तुला किळस येते आणि मला ती दिसते."

त्यानंतर आजीने पाणी पिणंच सोडलं. प्यायचं नाही म्हणजे व्हायचं नाही, असा तिचा हिशेब. शेजारची काकू दिवसातून एकदा येऊन काय ते करायची, तेवढ्यावर दिवस काढायचा. ओठांना चिरा पडल्या. मामा ग्लास घेऊन उभा राहायचा आणि आजी म्हणायची, "ठेव, घेते." आणि घ्यायची नाही.

मग काकू आजारी पडली. त्या दिवशी मामा दुपारी जेवायला घरी आला तर खोलीत वास. आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती, चादर खराब झाली होती. तो जवळ गेला तशी ती म्हणाली, "तू बाहेर हो."

"आई, अगं पण..."

"बाहेर हो म्हणते ना."

मामा बाहेर गेला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. हे सगळं मला पुढे त्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्याने मला त्याच्याकडे बघू दिलं नाही. बऱ्याच वेळाने तो दारातूनच म्हणाला, "आई, मी डोळे बांधून येतो."

त्याने दाराकडे तोंड वळवलं.

"कुलूप उघडताना मी कुठे बघतो? तुला माहितीये ना, माझं सगळं काम हाताचं आहे."

मग आजीचा आवाज आला, "त्या निळ्या पडद्याची फाड. त्यातून ऊनसुद्धा यायचं नाही."

मामाने जुन्या निळ्या पडद्याची रुंद पट्टी फाडली आणि डोळ्यांवर बांधली. आजीने त्याला जवळ बोलावलं, उजव्या हाताने गाठ चाचपली, मग त्याच्या तोंडासमोर बोटं धरली. "किती?" तिने विचारलं. "काय किती?" मामा म्हणाला. तेव्हा कुठे तिने पांघरूण सोडलं.

अशी त्यांची रीत पडली. दोघंही हट्टी, त्यामुळे रीत लगेच पक्की झाली. कोमट पाण्याचं घमेलं स्टुलावर उजव्या हाताला, त्याच्या शेजारी साबण, पातळ फडकी एका बाजूला, जाड फडकी दुसऱ्या बाजूला, मलमाची डबी खिडकीत, पावडर तिच्या पलीकडे. वस्तू बोटभरही हलवायची नाही. आजी पडल्या पडल्या हुकूम सोडायची. "डावीकडे. अरे माझ्या डावीकडे, तुझ्या नाही." पुसताना, हुकूम वगळता, त्या कामाचं काही बोलायचं नाही, असा नियम तिनेच घातला. बोलायचं ते बाजाराचं. कुणी कुठलं कुलूप आणलं, कुणाची तिजोरी उघडली आणि आत काय निघालं. मामा सांगायचा, आजी शेरे मारायची. एकदा एका माणसाने तिजोरी उघडायला बोलावलं आणि आत नुसती बायकोची जुनी चप्पल निघाली, हे ऐकून आजी इतकी हसली की सगळं पुन्हा धुवावं लागलं.

आजी पाणी प्यायला लागली. ओठ भरले. मामा सकाळी तिचं करून दुकानात जायचा, दुपारी येऊन करायचा, संध्याकाळी करायचा. माझ्या आईला फोनवर सांगायचा, "सगळं व्यवस्थित आहे, ताई." आणि होतंही ते व्यवस्थित. ती दोघं त्या दिवसांत सुखी होती असं मला वाटतं, कुणाला पटो न पटो.

मी त्यांना भेटायला गेले तेव्हा दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं तर समोरून मामा येतोय, डोळ्यांवर निळी पट्टी, हातात वर्तमानपत्राने झाकलेलं बेडपॅन, आणि कोपराने भिंत चाचपत संडासाकडे निघालाय. मला हसू फुटलं. "मामा, हा काय खेळ?" तो न थांबता म्हणाला, "आलीस? उजवीकडे हो, सांडेल."

प्रकार कळल्यावर माझं डोकं फिरलं. हा वेडेपणा आहे, असं मी सरळ आजीच्या तोंडावर सांगितलं. पोटचा मुलगा, त्याच्यापुढे कसली लाज? मी इथे आहे तोवर मी करते, मग दुसरी बाई बघू.

"तू पाहुणी," आजी म्हणाली. "चार दिवस करशील आणि बसशील गाडीत. बसलेली घडी मोडू नकोस, शहाणे."

मामा दुकानात गेल्यावर मी पुन्हा विषय काढला. तिला चिडवलं, रागावलेही. शेवटी ती म्हणाली, "खुर्ची जवळ घे." मी घेतली.

"माझ्या आईचं मी केलं," ती म्हणाली. "अंथरुणाला खिळली होती. हगणं-मुतणं सगळं मी काढलं, एक दिवस चुकवला नाही. लोक म्हणायचे, लेक असावी तर अशी. असेल बाई. पण आता तिला आठवायला बसले ना, की तिचं तोंड डोळ्यांपुढे येत नाही. ते येतं. तिच्या त्या काटकुळ्या मांड्या आणि मधलं सगळं. एवढी वर्षं माझी आई होती ती, मला गाणी म्हणून निजवायची. सगळं पुसलं गेलं. मागचं तेवढं राहिलं."

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"मला त्याच्या डोक्यात तसं नाही राहायचं. त्याला बायको नाही, पोर नाही. मी गेल्यावर त्याच्याकडे दुसरं आहे काय?"

"त्याला सांगितलंस हे?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. तो लगेच म्हणेल, मला नाही होणार तसं. मीसुद्धा म्हणायचे."

मी सांगितलं नाही. परत निघताना मामा मला गाडीपर्यंत सोडायला आला. त्याचे हात साबणाने पांढरे पडले होते, बोटांच्या टोकांना मात्र कानशीने आलेले घट्टे तसेच होते, काळे आणि चकचकीत. "जमतंय मला," तो म्हणाला. "तुझ्या आईला सांग, बाईची गरज नाही."

त्यानंतर काही आठवड्यांनी घरात वास यायला लागला. मामाला आधी वाटलं न्हाणीघराची मोरी तुंबली. त्याने फिनेल ओतलं. मग वाटलं, कपाटामागे उंदीर मेला असेल, म्हणून कपाट ओढलं. मग प्लंबरला बोलावलं. प्लंबरने सगळं उघडून बघितलं आणि म्हणाला, "पाइप ठणठणीत आहेत. वास आतल्या खोलीतून येतोय." आजी म्हणाली, "हवेच्या गादीचा असेल. रबराला येतो." मामाने गादीची खोळ काढून धुतली.

मग ताप चढला, उतरेना. मामाने डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. त्यांनी आजीला कुशीवर केलं, गाऊन वर सारला आणि मामा सवयीने दाराबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "आत या," बाईंनी हाक मारली, "हे बघा." मामा आत वळला आणि त्याचा हात आपोआप खुंटीवरच्या पट्टीकडे गेला.

"हे काय करताय?" बाईंनी विचारलं.

मामाला उत्तर द्यावं लागलं. परक्या बाईपुढे, आजीच्या देखत.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतो. त्यांनी फक्त विचारलं, "रोज तुम्हीच पुसत होतात ना? मग हाताला लागलं नाही?"

माकडहाडावर जखम होती. पडून पडून होते तशीच, पण दिसताक्षणी धरली नाही म्हणून आत आत गेलेली, कडा काळ्या, आणि खोल कुठेतरी पांढरं दिसत होतं. ते हाड होतं. बाईंनी आजीच्या अंगावर चादर टाकून ठेवली होती. मामाने जखम त्या दिवशीही धड बघितली नाही, मान फिरवली. आजी भिंतीकडे बघत होती.

मी पहिल्या गाडीने गेले. आई दोन दिवसांनी आली, रडली, मामाला वाटेल तसं बोलली आणि दवाखान्यात हलवायचं म्हणून हटून बसली. आजी म्हणाली, "मला इथून उचललंत तर मी तोंडात घास घेणार नाही." डॉक्टरीणबाईंनीही आईला बाजूला घेऊन सांगितलं की वय बघता तिथेही याहून फार काही होणार नाही. रोज सकाळी नर्स येऊन ड्रेसिंग करेल असं ठरलं. संध्याकाळचं ड्रेसिंग आणि मध्ये जेव्हा जेव्हा खराब होईल तेव्हाचं, मी करायचं. आई परत गेली. मी महिन्याभराची रजा टाकली.

मामा एका कुशीवर वळवलेल्या आजीला समोरून धरून बसायचा, डोळ्यांवर पट्टी, आणि मी मागून काम करायचे. बाजारातल्या गोष्टी बंद झाल्या होत्या. नुसता चिमट्याचा आवाज.

एका दुपारी मामा दुकानात गेलाच नाही. स्वयंपाकघरात बसून राहिला होता, हात मांडीवर उलटे ठेवून. "हाताला लागलं होतं गं," तो म्हणाला. "ओलं लागायचं. ऊन ऊन लागायचं. मला वाटलं मलम आहे. मग वाटलं, नीट पुसलं गेलं नाही, म्हणून आणखी पुसायचो." त्याने बोटं माझ्यापुढे धरली. "यांना लोखंड कळतं. लोखंड केसभर सरकलं तरी कळतं. आईचं अंग कळलं नाही."

मी आतल्या खोलीत गेले. दोन खोल्यांचं घर, आजीने सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावरून कानात जात होतं, आणि चालता हात कुशीखाली अडकल्याने ते पुसायला जमत नव्हतं. मी पुसलं.

"मला कळत होतं," ती हळूच म्हणाली. "आग आग व्हायची. वास तर पहिल्यांदा मलाच आला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर त्याने पट्टी काढली असती."

मला तिचा इतका राग आला की मी खोलीतून उठून गेले. जिन्यात जाऊन बसले. एवढी हुशार बाई, गल्लीतल्या पोरांच्या ढुंगणावरची पुरळ दिसली तरी आयांना फैलावर घेणारी, आणि स्वतःचं मांस सडत असताना रबराचा वास म्हणते. राग आणि रडू यांतलं काय चाललं होतं ते माझं मलाच कळत नव्हतं.

माझी रजा संपत आली. आणखी वाढवून मिळाली नाही. नर्स सकाळी येणार, पण संध्याकाळी कोण? काकूचे हात थरथरायचे. परकी बाई आजीला नको. मामा होता. पण ही जखम डोळे बांधून भरता येत नाही. कापसाची वात किती आत जाते, लाल कुठे आहे, काळं कुठे आहे, हे बघावंच लागतं.

निघायच्या आदल्या दिवशी, ऊन खिडकीत होतं तेव्हा, मी सगळं सामान स्वच्छ कापडावर मांडलं आणि मामाला बोलावलं. तो दारात उभा राहिला. पट्टी खुंटीवर होती, ती त्याने घेतली नाही.

"आई," तो म्हणाला, "आता मला बघू दे."

"नाही."

"हे भोक माझ्या हाताने पडलंय. मला भरू दे ते."

"तुझ्या हाताने नाही पडलं. अंथरुणाने पडलं."

"आई, मी तुझ्या पाया पडतो."

आजी त्याच्याकडे बघत राहिली. खूप वेळ बघत राहिली, डोळ्याची पापणीही न हलवता. त्याचं कपाळ, त्याचे पांढरे झालेले कल्ले, सगळं. मला वाटलं ती मला काही बोलेल, सगळं सांगून टाक म्हणेल. मला माहीत होतं ते मी त्या वेळी बोलले असते तरी काय फरक पडणार होता? जखम तर भरायची होती.

"दे ती पट्टी," आजी म्हणाली.

मामाने खुंटीवरची पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिला वाटलं असेल एका हाताने बांधता येईल. नाही आली. तिने ती त्याच्याकडे परत केली.

"मला बांध. तुला बघायचंय ना, मग तू बघतोयस ते तरी मला नको दिसायला."

मामाने तिचं डोकं उचललं आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. केस गाठीत अडकू नयेत म्हणून बाजूला केले. मग आम्ही तिला कुशीवर वळवलं. मी चिमटा त्याच्या हातात दिला. त्याने बघितलं. इतकं जवळून, इतकं नीट बघितलं की कुठलंही कुलूप त्याने कधी तसं बघितलं नसेल. मी दाखवत गेले, तो करत गेला. सगळं झाल्यावर तो न्हाणीघरात गेला आणि नळ धो धो सोडला.

मी दुसऱ्या दिवशी निघाले. त्यानंतर तो रोज करत राहिला, सकाळी नर्सच्या शेजारी उभा राहून आणि संध्याकाळी एकटा. फोनवर सांगायचा, लाल वाढतंय, काळं कमी होतंय. आवाजात उमेद असायची. आजी पट्टी बांधल्याशिवाय हात लावू द्यायची नाही. पुढे पुढे ती म्हणायची, राहू दे, सोडू नकोस, परत कशाला बांधायची. दिवसातले बरेच तास ती तशीच पडून असायची. भरवतानासुद्धा.

जखम भरत होती, हे डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. पण ताप पुन्हा आला आणि या वेळी तो जखमेपुरता राहिला नव्हता, रक्तात गेला होता. आजी सकाळी गेली. मामा घमेल्यात पाणी घेऊन आत आला आणि त्याला कळलं. आम्ही पोहोचलो तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या. तिला शेवटची आंघोळ घालायची म्हणून त्यांनी मामाला बाहेर काढलं. मुलाने बघायचं नसतं, असं एक जण म्हणाली. मामा बाहेर येऊन जिन्यात बसला.

मी आत होते. डोळ्यांवरची निळी पट्टी मी सोडली. जखमेत नवं गुलाबी मांस धरलेलं होतं, सुबक, कडेने आत येत चाललेलं. इतकं चांगलं काम मी कुठे बघितलेलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी कामासाठी त्या बाजूला गेले होते, म्हणून मामाच्या दुकानाशी थांबले. तो शिकंज्यात किल्ली अडकवून कानस मारत होता. वाळला होता. मी बाहेरच्या पायरीवर बसले, त्याने चहा मागवला. माझ्या आईचं, नोकरीचं, इकडचं तिकडचं बोललो. एक गिऱ्हाईक येऊन गेलं.

मग तो कानशीवरचा चुरा झटकत, मान खाली घालूनच म्हणाला, "आईच्या भुवईवर तीळ होता ना गं? उजव्या का डाव्या?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"तिचं तोंड मध्ये मध्ये डोळ्यांपुढे येत नाही," तो म्हणाला. "फोटो बघितला की तेवढ्यापुरतं येतं. घरी जाईस्तोवर जातं. पाठ येते सगळी. कुठे लाल होतं, कुठे काळं होतं, ते विचार, ते सांगतो. आणि तोंड आणायला गेलो की नुसतं निळं." तो थांबला. "मी काय वाईट केलं गं?"

"काही नाही केलंस."

"तुला दिसते का?"

"दिसते."

"मग सांग ना."

भर दुपारी, रस्त्यावरून माणसं जात-येत असताना, मी त्याला त्याची आई सांगायला लागले. तीळ डाव्या भुवईच्या टोकाला होता. डोळे बारीक होते, आणि हसायला लागली की त्यातला एक आधी मिटायचा. वरचा ओठ पातळ. हनुवटीवर एक राठ केस यायचा आणि ती तो आरशासमोर उपटायची. मामा हातातली कानस तशीच धरून ऐकत होता. अनोळखी गावात कुणी पत्ता सांगताना माणूस लक्ष देऊन मान हलवतो, तशी प्रत्येक शब्दाला मान हलवत होता. मी सांगत राहिले.